पंक्तिप्रपंच आणि पहिली मंडळी

मराठीत एक नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या पानावर तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानावर पातळ वरणाचा ओघळ, असा वाढप्याचा दुजाभाव. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती प्रेषित पौलाला असा तयार शब्द हाताशी नसावा, कारण ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीतली, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायातली, हीच तक्रार मांडायला त्याने पहिल्या पत्राचा जवळजवळ अर्धा अकरावा अध्याय खर्च केला आहे. इ.स. ५४ च्या आसपास इफिसहून लिहिलेलं हे पत्र. प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, मंडळी जमते, पण काही जण आधीच जेवून घेतात. मग एक उपाशी राहतो आणि दुसऱ्याला चढलेली असते. याला प्रभूचं भोजन म्हणताच येत नाही, असं पौल तोंडावर सांगतो.

पहिल्या मंडळीच्या ऐक्यावर आपल्याकडे जी प्रवचनं होतात त्यांची सुरुवात या उताऱ्याने होत नाही. ती होते बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातल्या ‘एकदिलाचा व एकजिवाचा’ समुदाय या वर्णनाने. तेव्हा सगळे नम्र होते म्हणून सगळे एक होते. आपण ताठ झालो म्हणून फुटलो. ऐकायला बरं वाटतं. पण या मांडणीचा भार नेहमी एकाच माणसाच्या डोक्यावर येतो, ज्याने तक्रार केली त्याच्या. बाबा रे, नम्र हो, मंडळीचं ऐक्य बिघडवू नकोस.

त्या काळची पत्रं आणि नियम वाचले तर चित्र वेगळं दिसतं. पहिल्या तीन शतकांत मंडळी भरपूर भांडली. प्रश्न असा की ती भांडणं मिटताना पड कोणी खाल्ली? मला दिसतं ते असं: जिथे ऐक्य खरोखर टिकलं तिथे पड वरच्याने खाल्ली आहे. ज्याच्या हाती घर होतं, पळी होती, पैशाची पेटी होती किंवा आसन होतं, त्याने. जिथे नम्रतेचे धडे खालच्याला दिले गेले तिथे शांतता नांदली असेल. तिला ऐक्य म्हणायला जीभ धजत नाही.

आधी करिंथचं घर नीट पाहू, कारण भांडणाचं मूळ बांधकामातही आहे. रोमनांनी जुनं करिंथ इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं. इ.स.पू. ४४ मध्ये जुलियस सीझरने ते पुन्हा वसवलं आणि तिथे आणलेल्यांत गुलामीतून सुटलेले लोक बरेच होते. दोन्ही बाजूंना समुद्र, दोन बंदरं, हातात खेळणारा पैसा आणि मागे सांगायला घराणं नाही. अशा गावात मान मिळवायचा रस्ता जेवणावळीतून जातो. मंडळीला स्वतःची इमारत नव्हती. गायससारख्या एखाद्या ऐपतदाराच्या घरी सगळे जमत.

करिंथजवळ अनाप्लोगा इथे उत्खननात एक रोमन पद्धतीचं घर सापडलं आहे. तिथेच मंडळी भरत होती असं कोणी म्हणत नाही, पण मापाचा अंदाज येतो. जेवणाची खोली सुमारे ५.५ बाय ७.५ मीटर. भिंतीलगत तीन बाजूंना कोच आणि डाव्या कोपरावर रेलून जेवायची रीत; एका कोचावर तिघे, म्हणजे नेहमीच्या बैठकीला नऊ जण. बाहेरचा चौक ५ बाय ६ मीटरचा आणि त्याच्या मध्यभागी पावसाचं पाणी साठवायचं कुंड. तिथे दाटीवाटीने तीसचाळीस माणसं बसतील. आता पन्नास जणांची मंडळी या घरात बसवून पाहा. आत नऊ, बाहेर चाळीस. आतले कोण हे यजमान ठरवणार, आणि तो आपल्या बरोबरीच्यांनाच आत बोलावणार. बाहेरचे कोण? गोदीवरचे हमाल, गुलाम, मजूर. त्यांना यायला उशीर होणारच, कारण रविवार हा तेव्हा कामाचा दिवस होता; रविवारच्या सुट्टीचा कायदा कॉन्स्टंटाइनने केला तो ३२१ मध्ये. मालक सोडील तेव्हा ते निघणार, तोवर आतल्यांची ताटं रिकामी आणि सुरया अर्ध्यावर.

यात कोणी मुद्दाम दुष्टपणा करत होतं असं समजायचं कारण नाही. रोमन जेवणावळीत हे सभ्यच धरलं जाई. धाकटा प्लिनी या रोमन अधिकारी-लेखकाने एका पत्रात अशा एका यजमानाचं वर्णन केलं आहे: स्वतःसाठी आणि मोजक्यांसाठी उत्तम पदार्थ, बाकीच्यांना स्वस्तातलं, दारूही छोट्या सुरयांतून तीन प्रतींची, एक आपल्यासाठी, एक कमी दर्जाच्या मित्रांसाठी आणि एक मुक्त गुलामांसाठी. प्लिनीला हे आवडलं नाही. मी सगळ्यांना सारखंच वाढतो, असं तो म्हणतो. शेजारी विचारतो, मुक्त गुलामांनासुद्धा? परवडतं कसं? त्यावर प्लिनीचं उत्तर पाहण्यासारखं आहे: माझे मुक्त गुलाम मी पितो ती पीत नाहीत, ते पितात ती मी पितो. समतेचा खर्च कसा भागवायचा याचं इतकं चोख उत्तर एका बिगरख्रिस्ती सरदाराने द्यावं, हे मंडळीच्या इतिहासकारांनी जरा मनाला लावून घ्यायला हवं होतं.

पौलाचा उपाय दोन वाक्यांचा आहे. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा; आणि कोणाला भूक धरवत नसेल तर त्याने घरी खाऊन यावं. ‘वाट पाहा’ या ग्रीक क्रियापदाचा अर्थ ‘एकमेकांना आपलंसं करून घ्या’ असाही होतो. दोन्ही अर्थ धरले तरी आज्ञा कोणाला आहे ते बदलत नाही. जो आधी येऊ शकतो त्याला. उशिरा येणाऱ्या हमालाला पौल ‘वेळेवर येत जा’ म्हणत नाही, ‘मिळेल त्यात समाधान मान’ असंही म्हणत नाही.

याच उताऱ्यात ‘शरीर न ओळखता’ खाण्यापिण्याबद्दलचा इशारा येतो. आजच्या उपासनेत तो आत्मपरीक्षणासाठी वापरतात: डोळे मिटा, आठवड्यातली पापं आठवा, अयोग्य असाल तर भाकरीला हात लावू नका. ते वाईट नाही. पण पौलाने एकच अध्याय आधी म्हटलेलं असतं की भाकर एक आहे म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर आहोत. तेव्हा शरीर न ओळखणं म्हणजे चौकात उपाशी बसलेल्याला न ओळखणं, हा अर्थ तिथे ठसठशीत आहे. तो बाजूला पडला आणि पंक्तिप्रपंचाची तक्रार खासगी पापाच्या यादीत विरून गेली. याचा फायदा कोणाला झाला, हे वेगळं सांगायला नको.

पुढे शंभर वर्षांनी, इ.स. १५५ च्या सुमारास, जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोममधल्या रविवारच्या उपासनेचा क्रम लिहून ठेवला. वाचन, उपदेश, उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस. जे आले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देत. ज्यांची ऐपत आहे त्यांनी इच्छेप्रमाणे दिलेलं दान प्रमुखापाशी जमा होई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांचं भागे. या क्रमात भरपेट जेवण कुठेच नाही. प्रीतिभोजनं वेगळी चालू राहिली. टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक साधारण १९७ मध्ये त्यांचं वर्णन करतो. पण मुख्य उपासनेतून हंडा बाहेर गेला. करिंथचं भांडण अशा रीतीने मिटलं खरं, पण ताट काढून घेऊन मिटलं. गैरहजरांच्या घरी वाटा पोचवायची सोय मात्र थेट करिंथच्या जखमेवरचं औषध आहे: ज्याला मालकाने सोडलं नाही, त्याच्यासाठी भाकरच चालत जाते.

आता यरुशलेमकडे वळू. कृत्यांच्या चौथ्या अध्यायात एकदिलाचा समुदाय आहे, पाचव्यात हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं पैसे दडवतं, सहाव्यात कुरकुर सुरू होते. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार अशी की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. भाषेवरून, गावावरून पडलेला दुजाभाव. सभासमितीत बसलेल्या कोणालाही हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही. आज असा अर्ज आला तर काय होतं? आधी अर्जदाराचा हेतू तपासतात, मग त्याला प्रेमाने समजावतात, मग एक चौकशी समिती नेमतात आणि समितीवर ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचेच दोघे बसवतात.

बारा प्रेषितांनी केलं ते असं. तक्रार खोटी आहे असं म्हटलं नाही. वाटप आणि वचन ही दोन्ही कामं आपल्याच्याने नीट होत नाहीत, हे सगळ्यांपुढे कबूल केलं. अटी ठरवून दिल्या: सात माणसं, नावलौकिक चांगला, आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण. निवड मात्र समुदायावर सोडली. निवडलेल्यांची नावं अशी: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. सातही नावं ग्रीक. पॅलेस्टाइनच्या यहुद्यांतही ग्रीक नावं असत. प्रेषितांतच एक फिलिप्प आणि एक अंद्रिया होते. तरी सातपैकी सात हा योगायोग मानणं कठीण आहे. कोठाराच्या किल्ल्या तक्रारदारांच्या हाती गेल्या, आणि बहुसंख्य इब्री, म्हणजे स्थानिक भाषा बोलणाऱ्या यहुदी, विधवांचं वाटपही तेच करणार होते. नम्रता म्हणायची तर हिला म्हणावी.

पैशाच्या बाबतीत तर पौल चक्क लेखापालासारखा बोलतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, मंडळ्यांतून वर्गणी गोळा करण्याचं काम त्याने कित्येक वर्षं चालवलं. त्याची पद्धत करिंथकरांना लिहिलेल्या दोन्ही पत्रांतून जुळवता येते. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे घरीच काही बाजूला ठेवायचं. मी आल्यावर गोळा करत बसायचं नाही. म्हणजे पौलासमोर कोण किती टाकतो याचा देखावा नाही आणि ऐनवेळी घासाघीसही नाही. पैसे नेणारी माणसं तुम्ही पसंत करायची. मी गरज पडली तर बरोबर जाईन. आपला सहकारी तीत याच्याबरोबर जो ख्रिस्ती भाऊ पाठवला त्याची निवड मंडळ्यांनी केलेली. इतका बंदोबस्त कशाला, तर या मोठ्या रकमेच्या व्यवहारात कोणी आमच्यावर बोट ठेवू नये म्हणून. जे योग्य ते देवासमोरच नव्हे, माणसांसमोरही योग्य दिसावं म्हणून.

यात वजनाचाही प्रश्न होता, अक्षरशः. देनारियस हे चांदीचं नाणं तेव्हा ४ ग्रॅमच्या आत-बाहेरचं आणि मजुराची दिवसाची कमाई साधारण एक देनारियस. हजार मजुरीचे दिवस जमवले की चार किलोच्या आसपास चांदी. आजच्यासारखी बँकेतून पैसे पाठवायची सोय नाही. जहाजातून, डोंगरातून ती अंगावर वागवायची. कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौलाच्या सोबत्यांची यादी येते: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकाचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आसियाचे तुखिक आणि त्रफिम. गावागावचा माणूस आहे. चोरापासून राखण आणि एकमेकांवर नजर, दोन्ही कामं एकाच ताफ्यात. या यादीत करिंथचा माणूस दिसत नाही, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी.

पौलावर पैशाचा आळ आला नव्हता असं नाही. ‘कावेबाज आहे, आम्हाला युक्तीने धरलं’ असं करिंथात बोललं जात होतं; त्याने स्वतःच ते दुसऱ्या पत्रात नोंदवलं आहे. त्यावर तो नुसता ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणाला असता तर प्रेषित म्हणून त्याला तो हक्क होता. त्याने हक्क सोडला आणि पैशाला साक्षीदार लावले. विश्वासू माणसाला हिशेब मागणं म्हणजे त्याचा अपमान, ही जी समजूत आपल्या संस्थांमध्ये मुरलेली आहे, तिला इथे काहीच आधार मिळत नाही.

हीच काटेकोर नजर ‘बारा प्रेषितांची शिकवण’ या छोट्या नियमपुस्तिकेत दिसते. हिचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं आणि १८८३ मध्ये छापलं गेलं. गावोगाव फिरणारे प्रेषित आणि संदेष्टे हा तेव्हाच्या मंडळ्यांना जोडणारा धागा होता आणि भोंदूंसाठी तोच सोयीचा रस्ताही. म्हणून नियम: आलेल्या प्रेषिताला प्रभूसारखं घरात घ्या. एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात येऊन ‘पंगत मांडा’ असं जो सांगेल त्याने स्वतः त्या पंगतीत जेवायचं नाही. जेवला तर खोटा. कायम राहायला आलेल्याने आपला धंदा करून खावं. कसब नसेल तर मंडळीने त्याची काही व्यवस्था पाहावी. आणि हेही नको असेल तर तो ख्रिस्ताच्या नावावर दुकान चालवणारा आहे, त्याच्यापासून सावध राहा. धर्मशास्त्राचा एकही पेच न घालता खऱ्या-खोट्याचा निकाल पोट, दिवस आणि नाणी यांवर लावला आहे. आजच्या फिरत्या सभांच्या मांडवात ही पुस्तिका नेली तर किती वक्ते तिसऱ्या दिवशी उरतील?

‘नम्रता’ या शब्दाचंही थोडं बघू. फिलिप्पैकरांच्या पत्रात ज्याला आपण लीनता म्हणतो त्या ग्रीक शब्दाचं मूळ रोजच्या वापरात कौतुकाचं नव्हतं. खालच्या, दबलेल्या, मिंध्या माणसाचं ते वर्णन. तो शब्द पौल उचलतो आणि ख्रिस्तावर लावतो, पण क्रम पाहा. आधी देवाचं स्वरूप, मग स्वतःला रिक्त करणं, मग दासाचं रूप. रिक्त होतो तो भरलेला. दासाने आणखी दास व्हावं असं त्या स्तोत्रात कुठे म्हटलेलं नाही. त्याच पत्राच्या शेवटी युवदीया आणि सुंतुखे या दोन कार्यकर्त्यांचं वितुष्ट आहे. पौल ‘युवदीयेला विनंती करतो’ आणि ‘सुंतुखेला विनंती करतो’ असं क्रियापद दोनदा वापरतो, एका वाक्यात दोघींना ढकलून देत नाही; कोण चूक तेही लिहीत नाही; आणि तिसऱ्या एका सोबत्याला त्यांच्या मदतीला बोलावतो. भांडणारी बाई म्हणून कोणाची हजेरी घेतलेली नाही. त्यांनी सुवार्तेसाठी केलेले श्रम मात्र आवर्जून सांगितले आहेत.

इथवर सगळं गोड वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याला लिहिलेल्या पत्रात गुलामांविषयी एक ओळ आहे: त्यांना तुच्छ लेखू नको, पण त्यांनीही फुगून जाऊ नये, आणि मंडळीच्या पैशातून सुटका व्हावी अशी आस धरू नये. कारणं काहीही असोत, पैसा कमी असेल, हावरटपणाची भीती असेल. पण नम्रतेचा उपदेश इथे उतारावरून खाली आलेला आहे. ज्याच्याजवळ सोडायला काही नाही त्यालाच सोडायला सांगितलं. त्याच सुमारास, ११२ च्या आसपास, वर आलेल्याच प्लिनीने आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनिया प्रांताचा कारभारी असताना दोन ख्रिस्ती दासींना छळून चौकशी केली आणि या ‘सेविका’ म्हणवतात असं सम्राटाला कळवलं. म्हणजे एकीकडे दासी मंडळीत पद सांभाळत होत्या आणि दुसरीकडे गुलामांना सुटकेची आस धरू नका म्हणून सांगितलं जात होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिल्या मंडळीचा सुवर्णकाळ रंगवणाऱ्यांना पहिली आठवते आणि नाकारणाऱ्यांना दुसरी.

रोमच्या मंडळीने इ.स. ९६ च्या सुमारास करिंथला पाठवलेलं पत्र, ज्याला क्लेमेंटचं पहिलं पत्र म्हणतात, याच कुंपणावर बसलेलं आहे. करिंथात पुन्हा भांडण, या वेळी काही ‘वडिलांना’, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, पदावरून काढलेलं. पत्र लांबलचक आहे. मत्सराची उदाहरणं, सैन्याची शिस्त, फिनिक्स पक्षीसुद्धा. झुकाव सरळ प्रस्थापितांकडे. काढलेल्यांचा दोष काय होता हे विचारलेलंच नाही, आणि तो मला या पत्राचा मोठा उणेपणा वाटतो. पण त्यातली एक सूचना बाकीच्या पानांपेक्षा भारी आहे. तुमच्यात उदार मनाचा कोण आहे? त्याने म्हणावं की माझ्यामुळे फूट पडत असेल तर मी जातो, तुम्ही म्हणाल तिकडे जातो. हुकूम नाही, बहिष्कार नाही. पत्र घेऊन तिघे गेले: क्लॉडियस एफेबस, व्हॅलेरियस बिटो आणि फोर्चुनातस. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत आमच्यात निर्दोष वागलेली माणसं, अशी त्यांची ओळख करून दिली आहे. हे तुमच्या-आमच्यातले साक्षी राहतील, असंही लिहिलं आहे. आणि पत्राखाली कोणा एका अधिकाऱ्याचं नाव नाही. रोमची मंडळी करिंथच्या मंडळीला लिहिते, आणि दोघींसाठी शब्द एकच वापरते, ‘परक्यासारखी वस्तीला असलेली’. साधारण १७० मध्ये करिंथचा बिशप डायोनिशियस कळवतो की ते पत्र आमच्याकडे अजून रविवारी वाचतात. बोलणी खाल्लेल्या गावाने ती बोलणी पाऊणशे वर्षं जाहीरपणे वाचत राहावी, हे विरळाच.

मतभेद मिटवता आले नाहीत तर काय, याचंही एक उदाहरण आहे आणि ते मला सगळ्यात उपयोगी वाटतं. आशिया प्रांतातले ख्रिस्ती वल्हांडण या यहुदी सणाच्या हिशेबाने, यहुदी पंचांगातल्या निसान महिन्याच्या १४ तारखेला, ईस्टरचा सण पाळत, वार कोणताही असो. रोम रविवार धरी. १५५ च्या सुमारास स्मुर्णाचा वृद्ध पॉलिकार्प रोमला आला. बिशप अनिसेटसने त्याला पटवायचा प्रयत्न केला, त्याने अनिसेटसला. कोणीच कोणाला पटवू शकलं नाही. मग अनिसेटसने आपल्या मंडळीत प्रभुभोजन चालवण्याचा मान पॉलिकार्पला दिला आणि दोघे शांतीने निरोप घेऊन वेगळे झाले. तारखा तशाच राहिल्या. पड कोणी खाल्ली ते पाहा: घर रोमचं, आसन रोमच्या बिशपचं, आणि उठला तोच.

तीसपस्तीस वर्षांनी रोमचा बिशप व्हिक्टर याने हाच वाद काढून आशियाच्या मंडळ्यांना तोडून टाकायचा घाट घातला. ल्योंचा आयरेनियस तारखेच्या बाबतीत व्हिक्टरच्याच बाजूचा होता, तरी त्याने व्हिक्टरला खडसावलं आणि अनिसेटसची आठवण दिली. उपास कोणी एक दिवस करतो, कोणी दोन, कोणी चाळीस तास. उपासातला हा फरकच विश्वासातली एकवाक्यता पक्की करतो, असं त्याचं म्हणणं. आपल्या बाजूच्या बलवानाला आवर घालणारा माणूस प्रत्येक मंडळीत एक तरी लागतो.

याच्या उलटं टोक २५१ सालच्या रोममध्ये दिसतं. डेसियस सम्राटाच्या छळात अनेकांनी देवतांना बळी दिला किंवा तशी प्रमाणपत्रं मिळवली. छळ संपल्यावर त्यांना परत घ्यायचं का यावर मंडळी फुटली. कठोर बाजूचा नोवेशियन दुसरा बिशप होऊन बसला. त्याचा विरोधक कॉर्नेलियस याने लिहिलेल्या पत्रातून रोमच्या मंडळीचा पसारा कळतो: ४६ वडील, ७ सेवक, ७ उपसेवक, ४२ अनुचर, भूतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळीच्या आधारावर जगणारे विधवा व गरजू १,५०० च्या वर. फूट पडते तेव्हा या दीड हजार ताटांचं काय होतं, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या वादात सहसा येत नाही. त्याच पत्रात कॉर्नेलियस सांगतो की नोवेशियन भाकर देताना घेणाऱ्याचे दोन्ही हात आपल्या हातांत पकडून ठेवी, आणि ‘कॉर्नेलियसकडे परत जाणार नाही’ अशी शपथ घेतल्याशिवाय सोडत नसे. ‘आमेन’च्या जागी ती शपथ. शत्रूने सांगितलेली गोष्ट आहे, तेव्हा चिमूटभर कमी करून घ्यावी. पण भाकरीचा असा उपयोग होऊ शकतो हे त्या काळच्या वाचकाला अशक्य वाटलं नाही, एवढं तरी नक्की.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी एक सरळ धागा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. बोलणी १९२९ पासून चालू होती. सगळ्यात अवघड गाठ बाप्तिस्म्याची. काहींच्या मते लहान मुलांना देता येतो, काहींच्या मते समज आल्यावर स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच. तोडगा अनिसेटसच्या वळणाचा निघाला: दोन्ही रीती मान्य, दोन्हींना जागा. जगात फार थोड्या ठिकाणी हे जमलं आहे आणि मराठी ख्रिस्ती माणसाने त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

अडलं ते पौलाच्या दुसऱ्या धड्यावर, हिशेबाच्या. ऐक्य ठरावाने झालं. मिळकती मात्र वेगवेगळ्या ट्रस्टांच्या नावावर होत्या. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून संस्था आपोआप विसर्जित होत नाही आणि ट्रस्टची मिळकतही आपोआप दुसरीकडे जात नाही. त्यासाठी कायद्यातली पायरी चढावी लागते. बाप्तिस्म्यासारखा शतकानुशतकांचा पेच सुटला आणि सातबाऱ्याचा राहिला. ज्यांनी एकत्र येण्याला विरोध केला त्यांना हेकेखोर म्हणणं सोपं होतं. त्यांच्यातल्या काहींची भीती मात्र साधी होती: आमच्या आजोबांनी वर्गणी काढून बांधलेल्या देवळाचा निर्णय आता दूरचं कार्यालय घेणार. ती भीती ऐकून घेऊन, सोपत्र-सकुंदासारखा त्यांचाच माणूस पेटीजवळ बसवला असता तर वकिलांची काही फी तरी वाचली असती.

तिसऱ्या शतकात सिरियामध्ये लिहिलेल्या ‘डिडास्कालिया’ या नियमग्रंथात बैठकीची तपशीलवार व्यवस्था आहे. वडील कुठे, पुरुष कुठे, बायका कुठे, तरुणांना जागा कोणती, दारात कोणत्या सेवकाने थांबायचं, येणारा परगावचा असेल तर काय विचारायचं, सगळं आहे. माणूस आपली जागा सोडून दुसरीकडे बसला तर सेवकाने त्याला उठवावं, इतकी शिस्त. मग दोन प्रसंग सांगितले आहेत. पहिला: बिशप वचन सांगत असताना कोणी प्रतिष्ठित गृहस्थ आला, तर बिशपने बोलणं थांबवून त्याच्या स्वागताला उठू नये, त्याची सोय बाकीचे बांधव पाहतील. दुसरा: एखादा गरीब पुरुष किंवा बाई आली, त्यातही म्हातारी, गावची असो की परगावची, आणि बसायला जागा उरली नसेल, तर बिशपने स्वतः मनापासून त्यांना जागा करून द्यावी, मग त्याला खाली जमिनीवर बसावं लागलं तरी चालेल.